‘सेलेरिटी’ म्हणजे नेमकं काय? वेगासाठीचा दुर्मीळ इंग्रजी शब्द, गहुंजेचा खटला आणि ‘तातडीने’ या शब्दाची किंमत

पुण्याहून लोणावळ्याला जाणारी लोकल देहूरोड सोडते. मग बेगडेवाडी, त्यानंतर घोरावाडी आणि पुढे तळेगाव. डेक्कन क्वीन याच रुळांवरून जाते, पण घोरावाडीला थांबत नाही. आता एक साधा प्रश्न. लोकलला जास्त वेळ लागतो तो ती हळू धावते म्हणून, की ती जास्त ठिकाणी थांबते म्हणून?

बहुतेक वेळा उत्तर दुसरं असतं. गाडी धावताना बऱ्यापैकी धावते, वेळ जातो तो थांब्यांवर आणि सिग्नलला. आज आपण ज्या शब्दाबद्दल बोलणार आहोत, तो समजायला हा फरक फार कामाला येतो. शब्द आहे ‘सेलेरिटी’.

वकिलांच्या एखाद्या पोस्टमध्ये, इंग्रजी अग्रलेखात किंवा कोर्टाच्या आदेशाच्या स्क्रीनशॉटमध्ये हा शब्द दिसतो आणि आपण पुढे स्क्रोल करतो. कुणाला तो सेलिब्रिटीचा टायपो वाटतो, कुणाला सॅलरीचा, तर कुणाला सूपमध्ये घालायची सेलरी आठवते. तिघांशीही त्याचा संबंध नाही. पण याच शब्दाच्या भोवती घोरावाडीपासून काही किलोमीटरवर घडलेल्या एका गुन्ह्याचा खटला सतरा वर्षं फिरत राहिला. म्हणून शब्द आधी समजून घेऊ, मग तो खटला.

शब्द आला कुठून?

लॅटिन भाषेत ‘सेलेर’ म्हणजे चपळ, वेगवान. त्यावरून नाम झालं ‘सेलेरितास’. ते फ्रेंचमध्ये गेलं आणि तिथून पंधराव्या शतकात इंग्रजीत ‘सेलेरिटी’ म्हणून आलं. इंग्रजी उच्चारात जोर दुसऱ्या अवयवावर येतो, साधारण ‘सि-ले-रिटी’ असा.

शब्द अनोळखी वाटला तरी त्याचा सख्खा भाऊ तुम्ही रोज हाताने पिळता. स्कूटरचा अॅक्सिलरेटर! तोही याच ‘सेलेर’पासून निघालेला आहे. अॅक्सिलरेट म्हणजे वेग वाढवणं आणि डिसिलरेट म्हणजे वेग कमी करणं. ही भावंडं रोजच्या वापरात आली, सेलेरिटी मात्र कोर्ट, व्याकरण आणि विज्ञानाच्या पुस्तकांत राहिली.

अर्थ काय? थोडक्यात सांगायचं तर कृतीतली शीघ्रता. नुसता ताशी किती किलोमीटर हा वेग नव्हे, तर एखादी गोष्ट हाती घेऊन मध्ये वेळ न दवडता ती पार पाडण्यातली त्वरा.

स्पीड, हेस्ट, अॅलॅक्रिटी: मग फरक काय?

इंग्रजीत वेगासाठी शब्दांची कमी नाही. पण प्रत्येकाची छटा वेगळी आहे.

स्पीड हा सर्वसाधारण शब्द. गाडीचा स्पीड, इंटरनेटचा स्पीड. यात चांगलं-वाईट काही नाही, फक्त माप आहे.

हेस्ट म्हणजे घाई. यात चूक होण्याची शक्यता धरलेली असते. घाटात रस्त्याच्या कडेला लिहिलेलं असतं ना, ‘अति घाई संकटात नेई’, ती ही हेस्ट.

अॅलॅक्रिटी म्हणजे उत्साहाने, आनंदाने दाखवलेली तत्परता. बॉसने रविवारी बोलावलं आणि तुम्ही वेळेत पोहोचलात, तर सेलेरिटी असेल. अॅलॅक्रिटी असेलच असं नाही!

एक्स्पिडिशन हा शब्द आपण मोहिमेसाठी वापरतो, पण औपचारिक इंग्रजीत त्याचा अर्थ शीघ्रता असाही आहे. त्याच्या मुळाशी ‘पायातली बेडी सोडवणं’ ही कल्पना आहे. कोर्टाच्या आदेशात ‘एक्स्पिडिशसली’ असं येतं, तेव्हा त्याचा मूळ भाव अडथळे काढून काम पुढे नेणं असा असतो.

सेलेरिटीमध्ये घाईचा दोष नाही आणि उत्साहाची अटही नाही. काम नीट व्हावं आणि विनाकारण रखडू नये, एवढंच त्यात अपेक्षित आहे.

वापरायचं कसं?

सेलेरिटी हे नाम आहे आणि त्याचं अनेकवचन सहसा करत नाहीत. बहुतेक वेळा ते ‘विथ सेलेरिटी’ किंवा ‘विथ अटमोस्ट सेलेरिटी’ असं येतं. उदाहरणार्थ, ‘द कमिटी अॅक्टेड विथ सेलेरिटी’, म्हणजे समितीने वेळ न दवडता काम केलं. ‘द सेलेरिटी ऑफ द रिस्पॉन्स सरप्राइज्ड एव्हरीवन’, म्हणजे प्रतिसाद इतक्या लवकर मिळाला की सगळ्यांना नवल वाटलं.

मित्राला ‘चहा सेलेरिटीने आण’ असं म्हटलंत तर तो हसेल, कारण शब्द फारच भारदस्त आहे. इन्स्टाच्या कॅप्शनपेक्षा तो निवेदन, निबंध, कायदेशीर पत्र किंवा स्पर्धा परीक्षेच्या उताऱ्यात शोभतो. बँकेच्या आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षांत इंग्रजी समानार्थी शब्द विचारतात, तेव्हा सेलेरिटीसमोर ‘स्विफ्टनेस’ हा पर्याय निवडायचा, एवढं लक्षात ठेवा.

मराठीत काय म्हणाल?

शब्दकोशी उत्तर आहे त्वरा, शीघ्रता किंवा सत्वरता. बोलीत तातडी, लगबग, चपळाई, झपाटा. पण या सगळ्यांत सेलेरिटीच्या सर्वात जवळ जाणारा आपला शब्द मला वाटतं ‘उरक’ हा आहे.

‘तिला कामाचा भारी उरक आहे’ असं आपण म्हणतो, तेव्हा ती पळत असते असं आपल्याला म्हणायचं नसतं. ती एकातून दुसऱ्या कामात सहज जाते, मध्ये वेळ वाया घालवत नाही आणि काम अर्धवट सोडत नाही, असा त्याचा अर्थ. लगबगीत नुसती धावपळ असू शकते. उरक असेल तर काम संपतं.

इतिहासातलं उदाहरण हवं असेल तर पहिल्या बाजीराव पेशव्यांची १७२८ची पालखेडची मोहीम आठवा. हलक्या घोडदळाच्या भराभर हालचालींनी निजामाला कोंडीत पकडण्याचा तो प्रकार इंग्रजी लष्करी लेखनात ज्या गुणात मोजला जाईल, तो हाच.

विज्ञानातही सेलेरिटी?

हो, आणि दोन ठिकाणी.

पहिलं, प्रकाशाचा वेग. आइन्स्टाइनच्या प्रसिद्ध सूत्रातलं ‘सी’ हे अक्षर अनेक पुस्तकांत ‘सेलेरितास’शी जोडलं जातं. काही जण ते ‘कॉन्स्टंट’ म्हणजे स्थिरांकावरून आल्याचं सांगतात. अक्षर कुठूनही आलेलं असो, त्याची किंमत आहे सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर.

दुसरं, पाणी. जलविज्ञानात लाटेच्या पुढे सरकण्याच्या वेगाला ‘वेव्ह सेलेरिटी’ म्हणतात. वळवणच्या तलावात एक दगड टाका. लाट काठापर्यंत येते, पण पाण्यावर तरंगणारं पान जवळपास जागच्या जागी वरखाली होत राहतं. लाटेचा वेग आणि पाण्याचा वेग या वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून इंजिनिअर दोघांना वेगळी नावं देतात. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो. पाणी अडीच मीटर खोल असेल तर लाट सेकंदाला साधारण पाच मीटर जाते. पुराचा लोंढा खालच्या गावात कधी पोहोचेल, याचं गणित करताना ही कल्पना लागते.

लाट पुढे जाते आणि पान तिथेच राहतं. हे चित्र डोक्यात ठेवा, कारण सरकारी कागदांच्या बाबतीत कधी कधी अगदी असंच होतं. ‘तातडीने कार्यवाही करावी’ असा शेरा या टेबलावरून त्या टेबलावर जातो, प्रकरण मात्र हलत नाही.

गुन्हेगारीशास्त्रातली तीन सूत्रं

आता सेलेरिटी या शब्दाच्या सर्वात महत्त्वाच्या वापराकडे येऊ.

१७६४मध्ये इटलीतल्या चेझारे बेकारिया या तरुण विचारवंताने गुन्हे आणि शिक्षा या विषयावर एक छोटं पुस्तक लिहिलं. तेव्हा युरोपात चाबकाचे फटके, हातपाय तोडणं आणि सार्वजनिक फाशी सर्रास होतं. बेकारियाचं म्हणणं होतं की शिक्षा क्रूर असून भागत नाही. ती नक्की व्हायला हवी आणि गुन्ह्यानंतर लवकर व्हायला हवी. गुन्हा आणि शिक्षा यांच्यात वेळ कमी असेल, तर लोकांच्या मनात दोन्हींची सांगड पक्की बसते. शिवाय निकालाची वाट पाहत वर्षानुवर्षं अनिश्चिततेत कुजणं ही आरोपीलाही नाहक यातना आहे, असंही त्याचं मत होतं.

यातूनच पुढे गुन्हेगारीशास्त्रात तीन सूत्रं रूढ झाली: शिक्षेची खात्री, शिक्षेची कठोरता आणि शिक्षेची सेलेरिटी.

आपल्या टाइमलाइनवर एखाद्या भयंकर गुन्ह्यानंतर काय दिसतं ते आठवा. ‘फाशी द्या’, ‘भर चौकात द्या’. ही मागणी कठोरतेची आहे. पण अभ्यासकांचा आजवरचा सर्वसाधारण कल असा आहे की गुन्हेगाराला धाक बसतो तो मुख्यतः पकडलं जाण्याच्या खात्रीने. शिक्षा नुसती वाढवल्याने तेवढा फरक पडत नाही. सेलेरिटीचा धाकावर किती परिणाम होतो, यावर मतमतांतरं आहेत. पण पीडितेच्या घरच्यांसाठी आणि आरोपीसाठीही ती किती मोलाची आहे, हे समजायला मावळातलाच एक खटला पुरेसा आहे.

गहुंजे, १ नोव्हेंबर २००७

मावळ तालुक्यातलं गहुंजे आज अनेकांना क्रिकेट स्टेडियममुळे माहीत आहे. स्टेडियम उभं राहण्याच्या काही वर्षं आधी, १ नोव्हेंबर २००७च्या रात्री, पुण्यातल्या एका बीपीओ कंपनीत काम करणारी तरुणी रात्रपाळीसाठी कंपनीने लावलेल्या कॅबमध्ये बसली. कॅबचा चालक आणि त्याचा साथीदार यांनी तिला ऑफिसला न नेता गहुंजे परिसरात नेलं, तिच्यावर बलात्कार केला आणि तिचा खून केला. तिचं नाव इथे देत नाही. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करू नये असा कायदा आहे आणि तो योग्यच आहे.

रात्रपाळी करणाऱ्या हजारो मुलींच्या घरी त्या काळात या घटनेने भीती शिरली. पुढे काय झालं ते तारखांच्या क्रमाने पाहू.

मार्च २०१२: पुण्याच्या सत्र न्यायालयाने दोघांना फाशीची शिक्षा सुनावली. गुन्ह्याला साडेचार वर्षांच्या आसपास झाली होती.

सप्टेंबर २०१२: मुंबई उच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली.

८ मे २०१५: सर्वोच्च न्यायालयानेही शिक्षा कायम केली.

त्यानंतर दोघांनी दयेचे अर्ज केले. राज्यपालांनी ते मार्च २०१६मध्ये फेटाळले, राष्ट्रपतींनी मे २०१७मध्ये.

एप्रिल २०१९: सत्र न्यायालयाने फाशीचं वॉरंट काढलं. तारीख ठरली २४ जून २०१९.

राष्ट्रपतींनी अर्ज फेटाळल्यापासून वॉरंट निघेपर्यंतच जवळपास दोन वर्षं गेली होती. या काळात कुठलाही नवा पुरावा तपासायचा नव्हता, कुणाची साक्ष व्हायची नव्हती. फक्त कागद एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जायचे होते.

दोघे दोषी पुन्हा मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं असं, की सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून फाशीच्या ठरलेल्या तारखेपर्यंत दीड हजारांहून अधिक दिवस गेले. इतका काळ मृत्यूच्या छायेत ठेवणं हीच वेगळी शिक्षा झाली आणि ती घटनेच्या कलम २१ने दिलेल्या जगण्याच्या हक्काच्या विरोधात आहे.

२९ जुलै २०१९ रोजी उच्च न्यायालयाने हे म्हणणं मान्य केलं आणि फाशीऐवजी ३५ वर्षांची कैद दिली. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला.

कोर्टाने गुन्हा माफ केला का?

नाही. सोशल मीडियावर या निकालानंतर हा गैरसमज बराच फिरला. दोघे दोषी आहेत, हे तिन्ही न्यायालयांनी मान्य केलेलंच आहे आणि त्यात काही बदललेलं नाही. बदलली ती फक्त शिक्षा आणि त्याचं कारण होतं यंत्रणेचा उशीर.

हे तत्त्व या खटल्यासाठी नव्याने काढलेलं नव्हतं. २१ जानेवारी २०१४च्या शत्रुघ्न चौहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं होतं की दयेच्या अर्जावर निर्णय घ्यायला अवाजवी आणि कारण न देता येणारा उशीर झाला, तर फाशी जन्मठेपेत बदलता येते. मात्र किती दिवस झाले म्हणजे ‘अवाजवी’, याचा एकच आकडा न्यायालयाने ठरवलेला नाही. प्रत्येक प्रकरणाची परिस्थिती पाहून ते ठरतं.

महाराष्ट्रातलं दुसरं उदाहरण कोल्हापूरचं. लहान मुलांच्या अपहरण आणि खुनांच्या खटल्यात रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये कायम केली. राष्ट्रपतींनी त्यांचा दयेचा अर्ज २०१४मध्ये फेटाळला. तिथेही वर्षं गेली आणि जानेवारी २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उशिराच्या कारणावरून फाशीची जन्मठेप केली.

फाशी असावी की नसावी, यावर तुमचं मत काहीही असो. या दोन्ही प्रकरणांत अंतिम शिक्षा काय असावी हे शेवटी फायलींच्या मुक्कामाने ठरवलं. पीडितांच्या घरच्यांना वाटलं की न्याय हातचा गेला. दोषींनी अनेक वर्षं उद्या काय होईल हे न कळता काढली. सेलेरिटी नसण्याची किंमत दोन्हीकडे मोजली गेली.

मग सर्वोच्च न्यायालयाने काय सांगितलं?

डिसेंबर २०२४च्या निकालात न्यायालयाने फक्त उशिरावर बोट ठेवलं नाही, तर पुढे असं होऊ नये म्हणून सगळ्या राज्यांना निर्देश दिले. त्यातले मुख्य असे:

दयेच्या अर्जांसाठी राज्याच्या गृह किंवा तुरुंग विभागात स्वतंत्र कक्ष असावा आणि त्याने ठरलेल्या मुदतीत अर्ज पुढे न्यावेत.

अर्ज येताच तुरुंग अधिकाऱ्यांनी आणि पोलिसांनी लागणारी माहिती विलंब न करता द्यावी.

फाशी कायम झाल्यावर सत्र न्यायालयाने प्रकरण कामकाजात घेऊन पाठपुरावा करावा, म्हणजे ते कुणाच्या लक्षात न राहता पडून राहणार नाही.

आणि वॉरंट दोषीला मिळाल्यापासून फाशीच्या तारखेपर्यंत किमान १५ दिवसांचं अंतर असावं, म्हणजे त्याला कायदेशीर दाद मागता येईल.

शेवटचा मुद्दा नीट वाचा. इथेच हेस्ट आणि सेलेरिटी वेगळ्या होतात. जे कागद नुसते पडून राहतात, ते लगेच हलायला हवेत. पण माणसाला आपलं म्हणणं मांडायला लागणारे १५ दिवस कापायचे नाहीत. लोकलच्या भाषेत सांगायचं तर सिग्नलला उगाच उभं राहणं बंद करायचं, घोरावाडीचा थांबा रद्द करायचा नाही.

‘लवकरात लवकर’ म्हणजे कधी?

वेगाच्या गोड शब्दांनी फसवणूक होते, हा अनुभव फक्त आपलाच नाही. अमेरिकेत १९५४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. १९५५मध्ये अंमलबजावणीचा आदेश देताना शब्द वापरले ‘ऑल डेलिबरेट स्पीड’, म्हणजे विचारपूर्वक पण वेगाने. दक्षिणेतल्या राज्यांनी ‘विचारपूर्वक’ हा शब्द धरला आणि ‘वेगाने’ सोडून दिला. अखेर १९६९मध्ये त्याच न्यायालयाला सांगावं लागलं की आता ताबडतोब करा. मधली चौदा वर्षं एका मोघम शब्दाने खाल्ली.

भारतात वेगाने खटला चालणं हा कलम २१चा भाग आहे, हे १९७९च्या हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. पण महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या खटल्यात डिसेंबर १९९१मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सगळ्या खटल्यांना लागू होईल अशी एकच कालमर्यादा घालायला नकार दिला. कारणही समजण्यासारखं होतं. प्रत्येक खटला वेगळा असतो आणि उशीर कधी कधी आरोपीच्याच सोयीचा असतो.

म्हणजे न्यायालयात बऱ्याचदा सेलेरिटी शब्दावरच राहते. सरकारी कार्यालयात मात्र तसं नाही. तिथे कायद्याने आकडे दिलेले आहेत आणि ते आपल्याला माहीत नसतात.

तुमच्या कामाचे आकडे

महाराष्ट्रात २००५चा एक कायदा आहे, ज्याला लोक ‘दफ्तर दिरंगाई’चा कायदा म्हणतात. नावात बदल्यांचं विनियमन आणि विलंबास प्रतिबंध, असं दोन्ही आहे. त्यानुसार कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये. ‘तात्काळ’ स्वरूपाची फाईल शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि ‘तातडी’ची फाईल शक्यतो चार दिवसांत निकाली काढायची. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची गरज नसेल तर ४५ दिवसांत निर्णय, आणि पाठवावी लागत असेल तर तीन महिन्यांत. मंत्रालयाच्या भाषेत तात्काळ आणि तातडी यांच्यात काही दिवसांचा फरक आहे, हे अनेकांना ठाऊकच नसतं!

माहिती अधिकार कायद्यात उत्तराची मुदत ३० दिवस आहे. माहिती एखाद्याच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर ४८ तास. विनाकारण उशीर केल्यास माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा, २०१५नुसार दाखले आणि परवान्यांसारख्या अधिसूचित सेवांना ठरलेले दिवस आहेत. अर्ज केल्यावर क्रमांकासह पोच मिळायला हवी. मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं.

म्हणून पुढच्या वेळी तहसील कार्यालयात किंवा ‘आपले सरकार’ पोर्टलवर अर्ज करताना शेवटी नुसतं ‘कृपया तातडीने कार्यवाही करावी’ असं लिहून थांबू नका. अर्जाची तारीख, पोच क्रमांक, त्या सेवेची मुदत किती दिवसांची आहे आणि ती कोणत्या तारखेला संपते, हे लिहा. मुदत उलटली तर माहिती अधिकारात एकच नेमका प्रश्न विचारा: माझा अर्ज आजपर्यंत कोणत्या टेबलावर किती दिवस होता? ‘प्रकरण प्रक्रियेत आहे’ या उत्तरामागे लपणं मग अवघड होतं.

तर, लक्षात काय ठेवायचं?

सेलेरिटी म्हणजे वेळ न दवडता काम पार पाडण्याची शीघ्रता. ती स्पीडसारखी नुसतं माप नाही, हेस्टसारखी घाई नाही आणि अॅलॅक्रिटीसारखा उत्साहही नाही. औपचारिक लेखनात ‘विथ सेलेरिटी’ असा वापर होतो, आणि मराठीत तिला त्वरा, शीघ्रता किंवा आपला घरगुती ‘उरक’ म्हणता येईल.

आणि पुढच्या वेळी एखाद्या गुन्ह्यानंतर टाइमलाइनवर ‘कडक शिक्षा करा’ अशी लाट आली, तर त्यासोबत आणखी दोन मागण्या लिहायला हरकत नाही. तपास पक्का करा आणि कागद अडवून ठेवू नका. गहुंजेच्या खटल्यात पोलिसांनी आरोपी पकडले होते, तीन न्यायालयांनी त्यांना दोषी ठरवलं होतं, कायद्यातली सर्वात कठोर शिक्षाही झाली होती. कमी पडलं ते फक्त फायलींच्या प्रवासात.